आजार चार, माणूस एक

एका माणसाला एका वेळी एकच आजार होतो, असे गृहीत धरून आपली सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली आहे. टीबीचा कार्यक्रम वेगळा, शुगर-बीपीचा वेगळा, एचआयव्हीचा वेगळा, सिकलसेलचा वेगळा. प्रत्येकाचा निधी, कर्मचारी, नोंदवही आणि उद्दिष्ट स्वतंत्र. कागदावर ही विभागणी नीटनेटकी दिसते. पण भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेला टीबीचा रुग्ण क्वचितच नुसता टीबीचा रुग्ण असतो. त्याचे वजन आजारापूर्वीच कमी असते. त्याला शुगर असते आणि बऱ्याचदा ती आहे हे त्याला ठाऊकच नसते. बिडी वर्षानुवर्षांची असते, कोणाला मोहाच्या दारूची सवय असते, कोणाच्या घरात सिकलसेल असतो. आपण या सगळ्याला ‘सोबतचे आजार’ म्हणतो आणि मुख्य आजाराकडे वळतो. मला वाटते, इथेच आपले चुकते. टीबी होतो, बळावतो, उलटतो आणि माणसाला नेतो, तो बहुतेक वेळा या सोबत्यांच्याच बळावर. त्यांना बाजूला ठेवून केलेला टीबीचा उपचार अर्धा उपचार आहे. म्हणून उपचाराचा आणि हिशेबाचा पाया आजार न धरता माणूस धरला पाहिजे, आणि हे करून दाखवायला भंडाऱ्याइतका योग्य जिल्हा शोधून सापडणार नाही.

हा जिल्हा आटोपशीर आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. वैनगंगेचे खोरे, धानाची शेती, माजी मालगुजारी (मामा) तलाव, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, गावोगावी तेंदूपत्ता आणि बिडीचे काम. भंडाऱ्याला जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर आणि साकोलीला उपजिल्हा रुग्णालये, त्याखाली ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे. २०२४ मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. म्हणजे यंत्रणा नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो या यंत्रणेच्या धाग्यांची एकमेकांशी गाठ बसण्याचा.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून या रोगाचे कारण आपल्याला माहीत आहे. पण जंतू शरीरात असणे आणि रोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला. यांपैकी बहुतेकांना आयुष्यभरात टीबी होत नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच होतो. मग तो त्यांनाच का होतो? ज्याची प्रतिकारशक्ती ढासळली त्याला, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ती कशाने ढासळते, हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यातल्या ९.६ लाखांच्या मागे कुपोषण होते, ७.५ लाखांच्या मागे दारू, ७ लाखांच्या मागे धूम्रपान, ६.१ लाखांच्या मागे एचआयव्ही आणि ३.८ लाखांच्या मागे मधुमेह. जगातल्या दर चार रुग्णांमागे एकाहून थोडा अधिक भारतातला, आणि आपल्याकडे कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा. ही यादी वाचताना धानपट्ट्यातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणून पाहावे. यादीतली प्रत्येक गोष्ट तिथे एका वाडीत, कित्येकदा एकाच घरात सापडते.

मधुमेहाबद्दल आपल्या मनात अजूनही एक जुने चित्र आहे: शहरातला, खुर्चीवर बसून काम करणारा, पोट सुटलेला माणूस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने हे चित्र बदलले. कमी वजनाची, हडकुळी दिसणारी भारतीय बाळेही शरीरात तुलनेने अधिक चरबी घेऊन जन्मतात आणि आईच्या पोटातल्या उपासमारीचा संबंध पुढे मधुमेहाशी पोचतो, असे त्यांनी दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘प्रकार ५’ म्हणून स्वतंत्र मान्यताही दिली. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात बारीक अंगाचा, उन्हातान्हात राबणारा शेतमजूरही आहे. त्याला शुगर असेल असे ना त्याला वाटते, ना त्याच्या घरच्यांना. मधुमेहामुळे टीबी होण्याचा धोका दुप्पट ते तिप्पट होतो, आणि टीबी झालेल्या मधुमेही माणसाच्या मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्या रुग्णाच्या सुमारे दुप्पट असतो. उलट बाजूने टीबीचा ताणही रक्तातली साखर चढवतो. म्हणून निदानाच्या दिवशी बोटाला सुई टोचून घेतलेला एक आकडा पुरेसा नसतो. तो चढलेला असला तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहावा लागतो आणि त्यावरून पुढची वाट ठरवावी लागते.

आता या दोन आजारांच्या गोळ्या एकाच पोटात गेल्यावर काय होते, ते जवळून पाहू. टीबीची औषधे वजनावर ठरतात. ज्याचे वजन २५ ते ३४ किलो आहे त्याला चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज दोन, ३५ ते ४९ किलोच्या माणसाला तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. त्यातले रिफाम्पिसिन लघवी नारिंगी करते, एवढे रुग्णाला सांगितले जाते. पण ते आणखी एक काम करते. यकृतातली औषधे फोडणारी यंत्रणा ते वेगाने चालवते. त्यामुळे शुगरसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. माणूस गोळी नेमाने घेतो आणि तरीही शुगर चढलेली राहते. डॉक्टर विचारतात, पथ्य मोडले का? तो शपथेवर सांगतो, नाही मोडले. दोघेही खरे बोलत असतात. मग शुगरचा डोस वाढवला जातो. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, रिफाम्पिसिन बंद होते, दोन-तीन आठवड्यांत यकृताचा वेग पूर्ववत होतो आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर त्याच गोळीने शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. टीबीच्या नोंदवहीत त्या दिवशी ‘उपचार पूर्ण’ असे लिहिलेले असते. आणखी एक गोष्ट: आयसोनियाझिडमुळे हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, मधुमेहानेही होते. तळपायाची आग होते म्हणणाऱ्या माणसाला बी-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी चालू आहे की नाही, हे कोणी पाहायचे? टीबीवाल्यांनी की शुगरवाल्यांनी? दोन्ही कागद एका टेबलावर आले नाहीत तर कोणीच पाहत नाही.

जेवणाचेही तेच. टीबीच्या रुग्णाला सांगतात, भरपूर खा, वजन वाढव. मधुमेहीला सांगतात, भात बंद कर, कमी खा. एकाच माणसाला दोन्ही सल्ले मिळतात. भंडारा जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ भातच. भात सोड म्हणणे म्हणजे जेवण सोड म्हणण्यासारखे आहे. आणि ज्याचे वजन चाळीस किलोही नाही, त्याला कमी खा सांगणे हा सल्लाच घातक आहे. त्याला हवे आहे ते ताटाचे रूप बदलणे: भाताचा ढीग थोडा कमी आणि त्याजागी घट्ट वरण, अंडी, मासळी, शेंगदाणे, भाजी. मामा तलावांच्या या जिल्ह्यात मासळी काही परकी नाही. तलावांवर जगणारा ढीवर समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. धानाच्या बांधीत तूर, लाखोळी घेणारे हात इथलेच आहेत. अन्नाचे ज्ञान गावाला आहे, कमतरता आहे पैशाची आणि नेमक्या सल्ल्याची. सरकारची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. दिवसाला हे साधारण ३३ रुपये होतात. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडालेल्या घरात हे ३३ रुपये एकट्या रुग्णाच्या ताटात जात नाहीत, ते सगळ्या घराच्या भांड्यात जातात, आणि तसे जाणे स्वाभाविकही आहे. चूल एक असते तिथे आहारही घराचाच मोजावा लागतो.

पूर्व विदर्भाची आणखी एक गोष्ट दिल्लीत बनलेल्या याद्यांत ठळकपणे येत नाही, ती म्हणजे सिकलसेल. राष्ट्रीय कार्यक्रमात टीबीच्या रुग्णाची एचआयव्ही आणि मधुमेहासाठी तपासणी करायची, तंबाखू-दारूची चौकशी करायची, हे ठरलेले आहे. पण नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांची लाल आणि वाहकांची पिवळी कार्डे घराघरांत सापडतात. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, खोकला आणि छातीत दुखणे झाले, तर तो टीबी असू शकतो आणि सिकलसेलमुळे फुफ्फुसावर आलेला तातडीचा प्रसंगही असू शकतो. दुसऱ्या शक्यतेत बेडक्याच्या अहवालाची वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते. रक्त मुळातच कमी असलेल्या या रुग्णाला औषधप्रतिरोधी टीबी झाला, तर लिनेझोलिडसारखे अस्थिमज्जा दाबणारे औषध फार जपून द्यावे लागते. आणि एक बारकावा असा आहे, की तो माहीत नसेल तर तपासणीच फसवते. मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे या चाचणीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे शुगर असूनही कागद म्हणतो, नाही. पुण्या-मुंबईत जी चाचणी उत्तम, ती भंडाऱ्यात काही माणसांपुरती खोटी ठरते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीही स्वतंत्र नोंदीसह. टीबीच्या कार्डावर सिकलसेलचा एक रकाना काढायला कोणत्या मोहिमेची वाट पाहायची? सोबतच्या आजारांची यादी प्रत्येक जिल्ह्याने आपली आपण करायची असते, हे भंडाऱ्याकडे पाहून कळते.

फुफ्फुसांचेही असेच. खडकातली सिलिका असलेली धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुफ्फुस कठीण होत जाते. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि अशा फुफ्फुसात टीबी सहज घर करतो. खाण, खडी, बांधकाम यांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या एक्स-रेवरचे डाग टीबीचे की धुळीचे की दोन्हींचे, हे त्याला कामाबद्दल विचारल्याशिवाय कळत नाही. प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा, कायद्याने नोंद करावा लागणारा आजार आहे, त्यात भरपाईचा हक्क येतो. नुसता टीबी लिहिला की तो हक्क लिहिण्याच्या ओघात पुसला जातो. बिडी वळणाऱ्या बाईच्या नाकात तंबाखूची धूळ, चुलीपुढे बसलेल्या तिच्याच छातीत धूर. टीबी बरा झाल्यावरही अशा लोकांचा दम लागणे थांबत नाही. ती माणसे पुन्हा दवाखान्यात येतात आणि कधीकधी पुन्हा टीबीच्याच गोळ्यांवर जातात. खराब झालेल्या फुफ्फुसाला श्वासाचे व्यायाम, इन्हेलर, बिडी सोडण्याची मदत हवी असते, ती त्यांना कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. दारूबद्दल तर बोलायचीच चोरी. टीबीच्या मुख्य औषधांपैकी तीन यकृताला ताप देणारी, दारूही तेच करते. कावीळ झाली की औषधे थांबवावी लागतात. पण रुग्ण दारू लपवतो, कारण खरे सांगितले तर बोलणी खावी लागतात. ‘आधी दारू सोड, मग औषध देऊ’ असे सुनावून पाठवलेला माणूस गावभर जंतू पसरवत फिरतो आणि एक दिवस रक्ताची उलटी होऊन येतो. व्यसनावरचा उपचार हा टीबीच्या उपचाराचाच भाग आहे. त्यात उपदेशाला जागा नाही.

हे सगळे वेगवेगळे कसे झाले, याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. १९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. सॅनिटोरियममध्ये खाऊनपिऊन, विश्रांती घेऊन बरे होणारे रुग्ण आणि झोपडपट्टीत, अपुऱ्या अन्नावर राहून तीच औषधे घेणारे रुग्ण यांची तिथे तुलना झाली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात. हा शोध गरिबांसाठी मोठा मुक्तिदायी होता. लाखो लोकांना सॅनिटोरियमची खाट कधीच मिळणार नव्हती, त्यांना आता घरी औषध मिळू लागले. पण या शोधातून जगाने आणखी एक धडा घेतला, जो त्यात तेवढा ठाम नव्हता: औषध असले की अन्नाचे फारसे अडत नाही. त्याच काळात बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी गावागावांत जाऊन पाहिले, की खोकल्याचे बरेच रुग्ण आपणहून सरकारी दवाखान्यात येत होते आणि खोकल्याचे औषध घेऊन परत पाठवले जात होते. लोक येत होते, यंत्रणा त्यांना ओळखत नव्हती. म्हणून १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाची कल्पना अशी होती, की टीबीची वेगळी फौज उभारायची नाही, सर्वसाधारण आरोग्यसेवेतच तो पाहायचा. ती आरोग्यसेवा आपण कधी पुरेशी बळकट केली नाही. मग १९९७ पासून सुधारित कार्यक्रम आला, डोळ्यांदेखत गोळ्या देण्याची ‘डॉट्स’ पद्धत आली, स्वतंत्र पर्यवेक्षक आले, देखरेख आली. त्याने लाखो जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण त्याबरोबर टीबीचा रुग्ण सर्वसाधारण आरोग्यसेवेतून उचलून एका वेगळ्या खिडकीपुढे उभा केला गेला.

त्या मद्रास केंद्राचे पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत रूपांतर झाले. याच संस्थेच्या सहभागाने साठ वर्षांनी झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचा ‘राशन्स’ प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २८०० रुग्णांच्या घरांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतल्या सुमारे अर्ध्या घरांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे देण्यात आली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी. रुग्णांच्या बाबतीतही पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढले तर मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. लस नाही, नवे औषध नाही, तांदूळ आणि डाळ. औषध हवेच, पण अन्नाचे अडते, आणि फार अडते, हे त्याच परंपरेतल्या संशोधनाने सिद्ध केले. तांदूळ पिकवणाऱ्या भंडाऱ्यात या निष्कर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हे सारे आधीच ठरलेले आहे. टीबी आणि मधुमेह एकत्र पाहण्याचा राष्ट्रीय आराखडा २०१७ मध्येच आला, तंबाखूबद्दलचाही त्याच वर्षी. प्रत्येक रुग्णाची शुगर आणि एचआयव्ही तपासली जाते. खरे आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. रकान्यात आकडा भरला की तपासणीचे काम संपते, तिथूनच रुग्णाचे काम सुरू होते. लाखांदूरच्या बाजूचा एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. टीबीच्या गोळ्या आशाताईंकडून येतात. शुगरच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रावर वेगळ्या दिवशी जायचे. शुगर आटोक्यात नसेल तर ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी, तिथले डॉक्टर रजेवर असतील तर भंडारा, आणि भंडाऱ्याला जायचे तर दिवसाची मजुरी गेली, एसटीचे भाडे गेले, सोबत येणाऱ्याचीही मजुरी गेली. तिसऱ्या फेरीला तो जात नाही. नोंदीत त्याची शुगर ‘तपासली’ एवढेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टीबीचा कार्यक्रम यशस्वी झाला तो एका गोष्टीवर लक्ष एकवटल्यामुळे. त्यावर दहा कामे लादली तर ना धड हे, ना धड ते. आशाताई आधीच कामाने वाकल्या आहेत, पदे रिकामी आहेत. याचे माझे उत्तर असे, की मी कामे वाढवायला सांगत नाही, एकाच माणसासाठी होणारी वेगवेगळी कामे एका दिवशी, एका ठिकाणी करायला सांगतो आहे. ज्या घरी टीबीसाठी एक कार्यकर्ती जाते, तिथेच शुगर-बीपीच्या नोंदीसाठी पुन्हा जावे लागते. या दोन फेऱ्यांची एक झाली तर श्रम वाचतातच. शिवाय शुगर अनियंत्रित राहून जो रुग्ण दगावतो किंवा ज्याला टीबी उलटतो, त्याचा भार अखेर याच कार्यक्रमावर पडतो. रिकाम्या पदांचा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो सरकारलाच सोडवावा लागेल. कोणताही आराखडा माणसांशिवाय चालत नाही.

तिसरा आक्षेप: गरिबी आरोग्य खात्याने कशी दूर करायची? ती दूर करणे त्याच्या हाती नाही, मान्य. पण गरिबीमुळे कोणता रुग्ण पहिल्या दोन महिन्यांत दगावणार आहे, हे ओळखणे त्याच्या हाती आहे. टीबीचे बरेचसे मृत्यू उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच होतात. तमिळनाडूने एप्रिल २०२२ मध्ये एक साधी पद्धत राज्यभर सुरू केली. निदान होताच रुग्णाचे वजन-उंची, पायावरची सूज, श्वासाचा वेग, रक्तातला प्राणवायू आणि आधाराशिवाय उभे राहता येते का, एवढे पाहायचे. बीएमआय १४ किंवा त्याहून कमी, श्वास मिनिटाला २४ हून अधिक, प्राणवायू ९४ टक्क्यांखाली, किंवा उभे राहता येत नाही, यातले काहीही असेल तर त्या रुग्णाला ताबडतोब भरती करायचे. याला मोठी यंत्रे लागत नाहीत. वजनकाटा, मोजपट्टी, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. या पद्धतीने तिथले सुरुवातीचे मृत्यू घटले. सात तालुक्यांच्या जिल्ह्याला हे जमू नये असे काही नाही.

मग भंडाऱ्याने नेमके काय करावे? निदानाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक रुग्णाची एक पूर्ण पाहणी व्हावी: वर सांगितलेली धोक्याची लक्षणे, शुगर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिकलसेलचे कार्ड, बिडी-दारू, आणि आयुष्यभर काय काम केले याची नोंद. सगळे एकाच कार्डावर. टीबीच्या आणि शुगर-बीपीच्या गोळ्या एकाच दिवशी, घराजवळच्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हातून मिळाव्यात. दोन आजारांची औषधे चालू असणाऱ्या प्रत्येकाचा कागद डॉक्टरने चार वेळा नीट पाहावा: सुरुवातीला, दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावर. शेवटचे पाहणे आज सर्वांत सहज सुटते आणि तेच जिवाचे असते. उलट बाजूने, शुगरच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला खोकला, ताप, वजन घटणे याबद्दल विचारावे आणि जिथे जमेल तिथे छातीचा एक्स-रे काढावा. राष्ट्रीय सर्वेक्षणात चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले होते, त्यांना ठळक लक्षणे नव्हती. रेशनच्या दुकानातून रुग्णाच्या घराला डाळ जास्तीची मिळावी. तलावाच्या मासळी संस्था आणि अंगणवाडीचा आहार यांची गाठ ग्रामपंचायतीने घालून द्यावी. नव्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून अशी घरे नेमून द्यावीत. आजार पुस्तकात स्वतंत्र प्रकरणांत भेटतात, घरात ते एकत्र भेटतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्यावे.

आणि मोजमाप बदलावे. आपण जे मोजतो तेच आपल्या हातून होते. आज किती रुग्ण शोधले, किती जणांचा कोर्स पूर्ण झाला, हे मोजले जाते. मार्च २०२३ पासून ‘टीबीमुक्त पंचायत’ उपक्रमात गावांनाही प्रमाणपत्रे मिळू लागली आहेत. गावाला त्यात अभिमान वाटतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोर्स संपला म्हणजे माणूस वाचला असे नाही. उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी रुग्णाला पाहावे, असे आपल्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. ते पाहणे प्रमाणपत्राच्या अटींत आणावे. कोर्स संपल्यावर वर्षभराने तो माणूस हयात आहे का, त्याचे वजन टिकले आहे का, शुगर आटोक्यात आहे का, दम लागत असेल तर त्यावर उपचार मिळतो का, कामावर परतला का, आणि त्याच्या घरात दुसऱ्या कोणाला टीबी झाला का. हे प्रश्न जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांच्या बैठकीत तालुकावार मांडावेत, जिल्हा परिषदेने ते विचारावेत आणि ग्रामसभेत त्यांची उत्तरे रुग्णाचे नाव न घेता वाचून दाखवली जावीत. हे प्रश्न विचारले जाऊ लागले की शुगरचा, सिकलसेलचा, अन्नाचा आणि दारूचा विभाग आपोआप एका टेबलावर यावा लागेल, कारण त्यांतल्या एकालाही सोडून या प्रश्नांचे उत्तर चांगले येऊच शकत नाही. बारा लाख लोकांच्या जिल्ह्यात हे करता येते. आणि इथे जमले, तर उरलेल्या महाराष्ट्राला हे जमत नाही म्हणायला जागा उरणार नाही.